स्पेनच्या जेवणाला जुगाईचा कौल

बाळा नागवेकराचा सगळा जन्म दुसऱ्यांना जेवू घालण्यात गेला. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, मग तो जातीने कोणी का असेना. बाळा तसा मालवाहू बोटींवरचा भंडारी. कॅप्टन काय खाणार, इंजिनवाले काय खाणार, ते वरून ठरून यायचं आणि हा रांधायचा. दर्या खवळला तरी रांधायचा, अंगात ताप असला तरी रांधायचा. अशा माणसाला म्हातारपणी पोराचा फोन येतो, की बाबा, स्पेनात एक दिवस आपण मोठ्या हॉटेलात जेवायचं, आणि कुठल्या हॉटेलात ते तुम्ही ठरवायचं. बाळा फोन कानाला लावून नुसता बसून राहिला.

पोरगा नितेश नेरुळला असतो, चांगल्या नोकरीत आहे. आईबापाला एकदा परदेश दाखवायचा हे त्याच्या मनात कधीपासूनचं. स्पेनच का, तर घरात दुसऱ्या देशाचं नाव कधी निघालंच नव्हतं. बाकीचं सगळं तो आणि त्याची बायको सानिका बघत होती. रोज कुठेतरी साधंसुधं खायचं आणि एक दिवस हात सैल सोडून जेवायचं, असं त्यांनी ठरवलेलं. तिकडच्या त्या हॉटेलांत म्हणे चार-चार महिने आधी टेबल धरून ठेवावं लागतं. जायचं होतं गणपतीनंतर, पण घाई आत्ताच, भर मे महिन्यात.

नितेशने तीन हॉटेलांचे फोटो पाठवले. पहिल्यात एकामागून एक ताटल्या येतात, प्रत्येकीत घासभर काहीतरी आणि वर फेस. बाळा म्हणाला, फेस खायला एवढ्या लांब कशाला, भाट्याच्या किनाऱ्यावर पावसात हवा तेवढा येतो. दुसरं होतं उंच इमारतीच्या गच्चीवर, तिथून म्हणे सगळ्या शहराचे दिवे दिसतात. दिवे त्याने बोटीवरून पोटभर पाहिले होते. तिसरा फोटो उघडला आणि त्याने चष्मा पुसला. बिल्बाओजवळचं मच्छीमारांचं गाव. हॉटेलच्या दारातच निखाऱ्यांची लांब शेगडी, तिच्यावर जाळीत अख्खा मासा. आपली लेप असते ना, चपटी, दोन्ही डोळे एकाच बाजूला, तशीच, पण परातीएवढी.

"हाच तो," बाळा म्हणाला.

आता हाच तो म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. बाळा तरणा होता, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, तेव्हा त्याची बोट स्पेनच्या बिल्बाओ बंदराला लागली. संध्याकाळी पाय मोकळे करायला तो बंदराबाहेर पडला. एका हॉटेलात काचेच्या आत एक म्हातारा आणि त्याची म्हातारी असाच एक मासा मधे घेऊन बसली होती. पांढरी चादर घातलेलं टेबल, वर एक मेणबत्ती. म्हाताऱ्याने सुरीच्या टोकाने माशाच्या गालाचं मांस काढलं आणि आपण न खाता म्हातारीच्या ताटलीत ठेवलं. बस, एवढंच. तो तुकडा किती मऊ असतो ते भंडाऱ्याला काय सांगायचं. बाळाच्या खिशात पैसे होते, आत शिरला असता तर कोणी हटकलं नसतं. पण ती एकट्याने बसायची जागाच नव्हती. बसेन तर तुळसाला घेऊन बसेन, असं मनाशी बोलून तो मागे फिरला आणि बोटीवर जाऊन बटाटे सोलायला लागला.

पुढे दर सुट्टीला तो बायकोला हे सांगायचा. तुळसा कोळंबी सोलता सोलता ऐकायची. ऐकून ऐकून तिला ते हॉटेल इतकं पाठ झालं, की बाळा एखाद्या वेळी मेणबत्ती विसरला तर तीच आठवण करायची.

मग बाळाला तोंडाचं दुखणं आलं. बोटीवर रात्रपाळीला जागं राहायला तंबाखू लावायची सवय, ती शेवटी भोवली. मुंबईला नेऊन विजेचे शेक दिले. दुखणं गेलं, पण जाताना जिभेची चव घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, न येईलसुद्धा. तीन पावसाळे गेले, आली नाही. नुसत्या वासावरून सारातलं मीठ सांगणारा माणूस, त्याला आता मऊ भात आणि भिजलेला पुठ्ठा सारखाच. तो कोणाकडे बोलायचा नाही. बोलून चव येत नाही.

पण फोटो बघितल्यावर त्याने ठरवलं. जीभ गेली तर गेली, डोळे आहेत. गालाचा तुकडा काढून तुळसाच्या ताटलीत ठेवायचा आणि ती खाताना बघायची. आता ह्या वयात एवढं एकच त्याला पाहिजे होतं.

आणि तुळसाच अडून बसली. आधी म्हणाली, ते लोक रात्री नऊ-दहाला जेवतात, मला पित्त होईल. मग म्हणाली, काटा अडकेल. मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्याजवळ वाढलेली बाई, आणि काटा अडकेल म्हणते. मग म्हणाली, ते दिव्यांचं त्यातल्या त्यात बरं. आणि दोन दिवसांनी सानिकाचा फोन आला, की आईंनी भाजीपाल्याचं हॉटेल शोधायला सांगितलं होतं, ते मिळालंय, तर तेच धरून ठेवू का.

बाळाचं डोकं फिरलं. तुळसा अंगणात कोकमं वाळत घालत होती, तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"स्पेनात जाऊन पाला खायचाय, गो? बकरी आहेस तू?"

तिने मान वर केली नाही. "मी मासे सोडलेत."

"कधी?"

"शेक दिल्यावर तुमच्या तोंडाची चव गेली तेव्हा. जुगाईपुढे बोलून बसलेय. ह्यांच्या तोंडाला चव येईस्तोवर मी मासळी खाणार नाही."

जुगाई म्हणजे त्यांची गावदेवी. बाळा पायरीवर बसला. आज मंगळवार, आज सोमवार, आज पोट बरं नाही, आज दाढ दुखतेय. तीन वर्षं तिने रोज काहीतरी सांगितलं होतं आणि त्याने रोज ऐकलं होतं. त्याचं झाल्यावर ती आत चुलीकडे तोंड करून जेवायची, ते का, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं. ताकद यायला पाहिजे म्हणून ती त्याच्यासाठी मासे रांधायची, पण स्वतः चाखायची नाही. म्हणजे त्या घरात तीन वर्षं माशाचं सार कोणी चाखलंच नव्हतं. करणारी जिभेला लावत नव्हती आणि खाणाऱ्याला कळत नव्हतं. तेही एका भंडाऱ्याच्या घरात. सून आली की मुकाट्याने वरून मीठ घ्यायची, त्याचा उलगडा त्याला त्या पायरीवर झाला.

मला सांगितलं का नाहीस, म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही रोज सकाळी उठून जीभ चाचपत बसला असता. माझ्यामुळे तो घोर कशाला.

बाळाने त्यावर दोन दिवस विचार केला, आणि मग तो खोटं बोलला. सकाळी चहाचा घोट घेऊन थांबला आणि म्हणाला, साखर जास्त झाली का गो आज? दुपारी म्हणाला, कढीचा आंबटपणा लागतोय बघ जरासा. तुळसाच्या हातातली पळी तशीच राहिली. ती आत गेली आणि देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसली. तिला तसं बसलेलं बघून बाळाला वाईट वाटलं, पण बोलून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिने बांगड्याचं सार केलं, भात मऊ शिजवला, आणि त्याच्यासमोर बसली. बाळा जेवला. तिने विचारलं, मीठ कसं आहे.

"एकदम बरोबर," बाळा म्हणाला. थोडं थांबून, जुन्या सवयीने, आणखी म्हणाला, "तिरफळ नावाला पुढे आलंय."

तुळसा उठली. मिठाची बरणी आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलीन.

"मी मीठ घातलंच नव्हतं. आणि तिरफळं कधीच संपलीत."

बाळा ताटाकडे बघत राहिला. उष्टा हात वाळून गेला तरी उठला नाही.

"मला फसवलंत तर चालेल," तुळसा म्हणाली. "देवीला नको."

मग बाळानेच काढलं, की देवीलाच विचारू. एवढीतेवढी गोष्ट असली तरी आपल्याकडे कौल लावतात. विहीर कुठे खणायची, पोरीला कुठे द्यायची. पण स्पेनात कुठल्या हॉटेलात जेवायचं म्हणून कौल लावायला आलेला माणूस विठू गुरवाने पहिल्यांदा बघितला. तो हसायला लागला होता. तुळसाचं तोंड बघितल्यावर गप्प झाला.

विठूने देवीच्या पाषाणाला पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बाई तीन वर्षं शब्द पाळून आहे, आता तिला मोकळी करायची असली तर उजवा दे. सगळे वाट बघत राहिले. पाकळी पडली ती डावी.

बाळा पुढे झाला. म्हणाला, हिच्याऐवजी मी सोडतो मासे, मरेपर्यंत सोडतो. विठूने पुन्हा पाकळ्या लावल्या. ह्या वेळी दोन्हीकडची एकही हलेना. सभामंडपातली मांजर उठून निघून गेली तरी हलेना.

"बाळा, तुला ज्याची चवच नाही ते सोडून तू आईला काय देतोस?" विठू हळूच म्हणाला. वाईट वाटावं म्हणून नाही बोलला. लहानपणापासूनचा दोस्त, खरं तेच बोलला.

बाळा खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे देण्यासारखं काय उरलं होतं? बोट सुटली होती, जीभ सुटली होती. पण एक होतं, आणि ते तुळसालाही माहीत नव्हतं. रोज पहिला घास तोंडात घालताना तो डोळे मिटायचा. आज लागेल, असं त्याला रोज वाटायचं. तीन वर्षं, एकही दिवस चुकला नव्हता.

तो पाषाणापुढे गेला आणि हात जोडलेन.

"आई, हिने माझ्यासाठी चव मागितली होती. मला ती नको. आली तर येऊ दे, नाही तर नको, पण आता मागणं नाही. हिचं मागणं मी मागे घेतो. मागणंच नाही म्हटल्यावर बोलीही नाही. हिला मोकळी कर."

"असं बोलू नका," तुळसा मागून म्हणाली. पण त्याचं बोलून झालं होतं.

विठूने पाकळ्या लावल्या. थोड्या वेळाने उजवीकडची सुटली आणि खाली आली. वाऱ्याने पडली म्हणा, ओल सुकून पडली म्हणा. विठू म्हणाला उजवा, तर उजवाच.

घरी येताना तुळसा खाडीच्या पुलापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. पुलावर मात्र थांबली. खाली ओहोटी लागली होती. ती म्हणाली, तीन वर्षं मी मुठीत धरून ठेवलेलं, ते तुम्ही एका बोलण्यात सोडून आलात. ते कशासाठी, तर एका हॉटेलासाठी.

"हॉटेलासाठी नाही गो," बाळा म्हणाला. "तू माझ्याकडे तोंड करून जेवावीस म्हणून."

ती कठड्याला हात लावून उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि चालायला लागली. रडली की काय ते बाळाने बघितलं नाही. काही वेळा बघू नये.

दोन दिवसांनी हौसा मासेवाली दारात आली. तिच्या टोपलीत बांगडे होते, सुरमई होती, तुळसाने ती सगळी बाजूला केली आणि तळाची एक लेप काढली. हौसा म्हणाली, वैनी, आज सूर्य कुठे उगवला? तुळसा म्हणाली, तू आधी भाव नीट सांग.

तिने लेप तव्यावर परतली आणि दोन ताटं वाढली, समोरासमोर. मेणबत्ती काही नव्हती. दुपारचं ऊन होतं, ते दारातून आत आलं होतं. बाळाने बोटाने माशाच्या गालाचं मांस काढलं. जेमतेम चिंचोक्याएवढं निघालं. ते त्याने तिच्या ताटात ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. नितेश होता. टेबल आज धरलं नाही तर जाईल, म्हणत होता. बाळाने फोन तुळसाकडे दिला.

"ते निखाऱ्यावरच्या माशाचं हॉटेल," ती पोराला म्हणाली. "आणि विचारून ठेव, ह्यांना भात मऊ करून देतील का. नाही तर मी जाऊन शिजवीन म्हणावं."

फोन ठेवला आणि तिने तो तुकडा तोंडात घातलान. बाळा बघत होता. त्याने स्वतःच्या घासाला आज डोळे मिटले नव्हते. ती सावकाश चावत राहिली, मग थांबली.

"मीठ कमी झालंय," तुळसा म्हणाली.

बाळा उठला, आतून बरणी घेऊन आला आणि तिच्या ताटाशी ठेवून परत समोर बसला.

"आणखी काय?" त्याने विचारलं.

तुळसाने मीठ भुरभुरवलं, दुसरा घास घेतला आणि सांगायला लागली. वरची कड कुरकुरीत झालीय, आत मात्र दुधासारखं मऊ आहे, तिखट मागाहून येतं. तिला बोलायची सवय नव्हती, अडखळत होती. बाळाचा भात ताटात निवून गेला. तो गुडघ्यावर कोपर टेकून ऐकत बसला, आणि ती थांबली की विचारायचा, मग?