काकूला उभी पोचवणारी गाडी

साहेबराव काकांना गाडी घ्यायची होती आणि आमच्या घरात गाडी घेण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. मुली बघण्याचा मात्र भरपूर होता. त्यामुळे एजंट अप्पाराव पहिली गाडी घेऊन जालन्यात मस्तगडला आमच्या दारात आले, तेव्हा चुलीवर पोहे होते, काकांच्या डोक्यावर धुतलेली टोपी होती आणि शेजारचे दोघेजण बैठकीत गंभीर होऊन बसले होते.

"कुठली म्हणायची?" काकांनी विचारलं.

"मुंबईची. एका डॉक्टरच्या घरची हाय."

"स्वभाव?"

"शांत. चालू हाय का बंद, ते सुदिक कळत न्हाई."

गाडी काळी, खूप लांब होती. तिचं छप्पर थेट शेवटपर्यंत गेलेलं आणि मागे सामानाला एवढी जागा, की दोन बकऱ्या निवांत उभ्या राहिल्या असत्या. आत चामड्याची सीटं होती आणि सीट गरम करण्याचं एक बटण. जालन्यात एप्रिल चालू होता. काकांनी बटण दाबलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच घाम गाळत बसून राहिले.

"कंबरेला चांगला शेक बसून राह्यला," ते म्हणाले. मी तेव्हाच ओळखलं, की काकांचं मन बसलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी आली. छोटी, तांबडी, उंची जीपची आणि अंग मोटारीचं. काकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "हिच्यात घराण्याचं काही दिसत न्हाई," असं म्हणून ते पोहे खायला बसले.

रिकाम्या ताटल्या उचलता उचलता काकू बोलली. "मला कोन्ती बी चालंल. जी मला माहेरी उभी पोचवंल, ती घ्या."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. काकूला गाडी लागायची. अंतरवाली सराटीला तिचं माहेर, पण बसने जा, जीपने जा, अंबडच्या पुढे ती पोचायची ती आडवीच. तिचा भाऊ वसंता लिंबाखाली खाट टाकून, कांदा फोडून तयारच असायचा. त्याच्या पहिल्या मुलीच्या बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे काकूचा. काकूने नाव योजलेलं होतं. पण आत्या खाटेवर ओलं फडकं घेऊन पडलेली, मुहूर्त टळायला आलेला. मग शेजारच्या गिरिजाबाई पुढे झाल्या, बाळाच्या कानात कुजबुजल्या आणि मुलीचं नाव गिरिजा ठेवून मोकळ्या झाल्या.

आता वसंताच्या बायकोला पुन्हा दिवस होते. जुलैत बारसं येणार होतं.

मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि घरी बसून नोकरीच्या पत्राची वाट बघत होते. मला वाटलं, हा प्रश्न मतांवर सोडण्यासारखा नाही. मी चाचणी ठरवली. अंबडचा रस्ता तोच, नाश्त्याला पोहे तेच, खिडकी तितकीच उघडी, काकूची मागची डावी जागा तीच, चालवायला अप्पाराव. बदलायची फक्त गाडी.

"तुझं शिक्षण काय माझ्या पोटावर काढायचं हाय का, नंदे?" काकूने विचारलं. पण पिशवीत लिंबू टाकून ती तयार झाली.

लांब गाडीत ती अंबड यायच्या आधीच उतरून रस्त्याच्या कडेला वाकली. तांबडीत जरा पुढे जाऊन वाकली. मी दुसऱ्या फेरीला क्रम उलटा केला. निकाल तोच.

"लांब गाडीत निदान इज्जतीनं तरी उलटी होती," काका म्हणाले.

"तुम्ही करून बघा," काकू म्हणाली.

नाश्ता सारखाच हवा, हा नियम मी अप्पारावांनाही लावला होता. शिवाय परत आल्यावर पाहुणा म्हणून घरात त्यांना पुन्हा पोहे मिळत. चौथ्या चाचणीला अंबडच्या अलीकडे त्यांनी स्वतःच गाडी थांबवली, पोट धरलं आणि काही न सांगता एका बाभळीकडे झपझप निघून गेले.

मी आणि काकू रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. समोरच्या रानात एक ट्रॅक्टर नांगरत होता. लिंबू चोखत काकू बघत राहिली.

"लई खोल घातला नांगर," ती म्हणाली. "इंजिनाला तरास हाय. गेर उतरवाया पायजे."

"तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कुणाला? लगीन व्हस्तोवर वडलांचा ट्रॅक्टर मीच चालवीत व्हते. वसंता बारका व्हता."

"मग तेव्हा मळमळायचं नाही?"

"ट्रॅक्टरवर? कधीच न्हाई. एवढे गचके, पण बिलकुल न्हाई."

"कुठं बसायचीस तू?"

काकूने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कुठं म्हंजे? ष्टेरिंगवर. दुसरं कुठं बसत्यात?"

मी दगडावरून उठले आणि पुन्हा बसले. मागे बसलेल्याचे डोळे पुढचं सीट बघतात आणि मेंदूला सांगतात, सगळं स्थिर आहे. कानाच्या आतला तोल सांगतो, आपण हलतोय, वळतोय. दोघांचं भांडण पोटाला भोवतं. जो स्वतः वळवतो त्याला वळण अंगाच्या आधी कळतं, म्हणून भांडण होत नाही. हे मला पाठ होतं. आणि सगळ्या चाचण्यांत जी बदलायला हवी होती, नेमकी तीच गोष्ट मी फार काळजीने बदलू दिली नव्हती, ती म्हणजे काकूची जागा.

अप्पाराव घाम पुसत परत आले. "तुमचे पोहे बंद करा," ते म्हणाले, "दोन्ही गाड्या फुकट फिरवतो."

रविवारी आम्ही दोन्ही गाड्या नवीन जालन्यातल्या कापसाच्या एका जिनिंगच्या मोकळ्या आवारात नेल्या. हंगाम संपल्यामुळे तिथे सरकीच्या एका ढिगाशिवाय काही नव्हतं. काकूने पदर खोचला आणि आधी लांब गाडीत बसली. पुढे ठीक गेली. मागे घेताना गाडीचं बूड सावकाश, शांत स्वभावाने, सरकीच्या ढिगात शिरलं.

"हिचं मागलं अंग कुठं सरतं त्याचा पत्ताच लागत न्हाई," काकू उतरून म्हणाली. "आन् म्होरलं नाक दिसत न्हाई."

मग ती तांबडीत चढली. चढली हाच शब्द बरोबर आहे. सीटवर सरळ बसली, पुढे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम लग्नाआधीचा झाला. तो चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता, तरी ओळखला.

"ट्रॅक्टरवानी दिसतंय की समदं."

तिने एक चक्कर मारली. दुसरी मारली. तिसऱ्या चक्करीला ती हसायला लागली. पुढच्या चक्करीत मी तिच्या शेजारी होते आणि दोघींना हसू आवरत नव्हतं. काका आवाराच्या मधोमध उभे राहून आमच्याबरोबर गोल गोल फिरत होते.

"अगं, थांब आता," ते ओरडले. "बिरेक कुठं हाय ते कळंना का?"

"बिरेक हाय बराबर पायाखाली," काकू खिडकीतून म्हणाली. "थांबायचंच न्हाई मला."

अखेर काकाच भोवंड येऊन खाली बसले. तांबडी ठरली. लांब गाडीला नकार देणं काकांना जड गेलं. ते तिच्यात जाऊन बसले, बटण दाबून शेवटचा शेक घेतला आणि रीतीप्रमाणे अप्पारावांना म्हणाले, "कळवतो."

"मन मोठं करा," अप्पाराव म्हणाले. "तिला बी कुठं ना कुठं चांगलं घर भेटंल."

बारशापर्यंत काकूचा परवाना आला होता. मालक मागे बसतो, असं म्हणून काका मागच्या डाव्या बाजूला बसले. मी पुढे. काकू गाणं म्हणत होती आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात करत होती. अंबडपर्यंत काका आम्हाला डावी-उजवी सांगत होते. अंबडनंतर त्यांचं बोलणं कमी झालं. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

अंतरवालीत गाडी थांबली तसा वसंता फोडलेला कांदा घेऊन धावत आला आणि सवयीने मागचं दार उघडलं. आतून काका वाकलेले बाहेर पडले. पुढून काकू उतरली, किल्ली कमरेला खोचली. वसंता कांदा हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला.

"भावजींना दे," काकू म्हणाली. "खाट टाकली असंल ना?"

काका लिंबाखाली आडवे झाले. आत पाळण्याजवळ गिरिजाबाई नवं लुगडं नेसून, घसा खाकरून तयार बसल्या होत्या.

"गिरिजाबाई," काकू म्हणाली, "जरा सरका."

ती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात तिचे ओठ हलले, बायकांनी कुर्र करून तिच्या पाठीवर थापा मारल्या, आणि काकू ताठ उभी राहिली.

"काय ठेवलं नाव?" बाहेर खाटेवरून काकांचा बारीक आवाज आला.

"हिकडं उठून या," काकू म्हणाली. "मंग सांगते."