अमरेश सरांची झोप

अमरेश सर लातूरहून रोज एसटीने निलंग्याला येतात, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं की आठवी 'ब' मागून कंडक्टरची डबल बेल द्यायची. टिंग टिंग. मी शाळेचा कारकून, ऑफिसची भिंत वर्गाला लागून. मोजल्याशिवाय राहवत नाही. तासाला सरासरी एकवीस. अपूर्णांकांच्या दिवशी तीस.

सर आधी रागावले, मग विनवण्या केल्या. मग वर्गाकडे तोंड ठेवून हात मागे नेऊन लिहू लागले, तर खांदा आखडला. शेवटी खडू टेकवून थांबायचे, बेल होऊ द्यायचे, मग लिहायचे. एसटीतल्या खऱ्या बेलला दचकून दोनदा औश्यालाच उतरले. झोप गेली, सहा किलो वजन गेलं. मुख्याध्यापिका महानंदाबाई म्हणाल्या, लेकरं आहेत, मनावर घेऊ नका. सरांनी नोकरी सोडायचा अर्जच माझ्या हातात दिला आणि सोमवारी पुढे पाठवा म्हणाले.

शुक्रवारी तपासणीचे साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. पोरं हाताची घडी घालून गप्प. सरांनी खडू टेकवला आणि थांबले. बेल होईना. मिनिटभर वाट पाहून ते काळजीनं वळले.

"आज बेल का देत न्हाई रे?"

साहेबांनी चष्मा काढला. नाजिया उठली.

"सर, तुम्ही रोज थांबता, म्हणून देतो. आम्हाला वाटलं, तुम्हाला लई आवडतंय."

"मला रात्री झोप येत न्हाई, बेटा. डोळा लागला की टिंग टिंग."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कुणी हिशेबातच धरलं नव्हतं. साहेब शेरा न लिहिताच चहाला गेले.

सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर यांच्याखाली नबीलनं नवी ओळ काढली: सरांची झोप. सरांनी लाजत साडेतीन तास सांगितले. वर्ग इतका शांत, की मलाच भिंतीला कान लावावा लागला. त्या दिवशी अर्ज मी पाठवला नाही, सरांनीही विचारलं नाही. पंधरवड्यात आकडा सहावर गेला आणि अर्ज त्यांनी गुपचूप परत नेला.

आता दंगा वाढला की सर दुसऱ्या दिवशी दोनच तास सांगतात. परवा नाजियानं सरांच्या बायकोला, महादेवीताईंना फोन लावला. कळलं, रात्री नऊला झोपले ते पहाटे पाचला नळाला पाणी आल्यावरच उठले. नबीलनं दोन खोडून आठ केले आणि खाडाखोडीशेजारी रीतसर सही केली.