उडालेलं पाणी

मंगळवारी सकाळी टाकीची काच पुसताना सरजाच्या कोपरावर प्रवाळाची पहिली वाटी उगवली. जेवणवेळेपर्यंत तिचा खांदा दगडाचा झाला आणि पायांनी जमीन धरली.

तिचा नवरा भिवा तांडेल भिंग घेऊन बसला. पुढच्या खोलीतल्या त्या टाकीत त्याने सहा वर्षं दगडी प्रवाळं वाढवली होती. जात ओळखल्याशिवाय प्रवाळाला हात लावायचा नाही, एवढं त्याला कळत होतं. शेंड्याला एकटी मोठी वाटी असली तर फांद्यांची जात, बोट लागलं तरी मोडते. शेजारच्या वाट्यांत भिंत एकच असली तर भरीव जात, ती भार सोसते.

"हलू नको गे."

"हलतंय खंय? दगड झालंय मी."

तेवढ्यात तिच्या खांद्यावरच्या वाट्या मिटल्या. टाकीतल्याही मिटल्या. भिवाने टाकीतलं पाणी चाखलं आणि थुंकला; समुद्राहून कितीतरी खारट होतं.

टाकी आटली की तो किनाऱ्यावरून कळशी आणून ओती. समुद्राची झीज समुद्रानेच भरायची, असं त्याचा बाप म्हणे.

"उडता ता गोडा पाणी," सरजा म्हणाली. "मीठ हयच रवता. सा वर्सां सांगतंय. आता मिठागर घाला!"

त्याने नळ सोडला. खारट. विहिरीवर गेला. खारट. रिकामी कळशी घेऊन परतला, तर चौकटीवर वाट्या उगवून दार अर्धं झालं होतं. तो आडवा होऊन आत शिरला. मागे दार बुजलं.

"मगे गोडा पाणी गेला खंय?"

सरजाने डोळ्यांनी वर दाखवलं. सहा वर्षांत उडालेलं सगळं पाणी कौलांखाली थेंबाथेंबाने लटकत होतं. पडत नव्हतं. शिडी अंगणात राहिली होती. स्टूल जमिनीत रुजलं होतं. चढण्याजोगा उरला तो तिचा खांदा.

"चढा."

"मोडशी तू."

"जात कळली काय?"

त्याने पुन्हा भिंग लावलं. शेंड्याला मोठी वाटी होती. शेजारच्या वाट्यांत भिंतही एकच होती.

"कळत नाय."

"मगे बघत काय रवलात? तोंडां सुकतत माझी."

भिवाने चपला काढल्या, कळशी काखेत घेतली आणि उजवा पाय तिच्या खांद्यावर ठेवला. वरचे थेंब हलले. पायाखालच्या साऱ्या वाट्या एकदम उघडल्या, आणि काहीतरी बारीक मोडल्याचा आवाज झाला. डावा पाय अजून जमिनीवर होता.