विनी वाचली

१९७८ साली आम्ही बरबँकच्या एका स्टुडिओत टेलिव्हिजनसाठी युद्धातल्या प्रेमाचा एक चित्रपट केला. मी त्याची संकलक होते. पटकथा रसेल टॅपनची. रसेलने आयुष्यभर पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या मालिका लिहून पोट भरलं होतं. ही एकच गोष्ट त्याची स्वतःची होती.

युद्धात तो इंग्लंडमध्ये बॉम्बफेकी विमानात मागच्या बंदुकीवर होता. तळाजवळच्या गावात विनी नावाची मुलगी पोस्टात कामाला होती. दोघांचं लग्न ठरलं. चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात ती लग्नासाठी बूट घ्यायला लंडनला गेली आणि त्या दुकानावर जर्मन रॉकेट पडलं. रसेल संध्याकाळच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. पटकथा तिथेच संपत होती.

एकोणीस दिवसांत शूटिंग उरकलं. विनीचं काम कोरिन हेल नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीने केलं. केस हुबेहूब जमावेत म्हणून रसेलने त्याच्याकडचा विनीचा एकमेव फोटो केशभूषेच्या बाईंना दिला होता. तो हरवला. बाईंनी तीन दिवस खोकी उपसली, रडल्या. उलट रसेलच त्यांची समजूत काढत बसला.

मी चित्रपट जोडून दिला. आमचा निर्माता लाइल ब्रांट तो चॅनेलला दाखवून परत आला.

"आवडलाय त्यांना," तो म्हणाला. "फक्त मुलगी मरायला नको."

"लाइल, ती मेली," रसेल म्हणाला.

"मला माहीत आहे रे बाबा. पण रविवारी जेवणं उरकून बाई टीव्हीपुढे बसणार. दोन तास तिला रडवायचं आणि वर मुलगी मारायची? सोमवारी ती साबण कुणाचा घेईल?"

"साबणासाठी जिवंत करू तिला?"

"तू नाही लिहिलंस तर दुसरा कुणी लिहील. तो तिला धावत आणेल, हातात फुलं देईल. बघ बाबा."

रसेल माझ्या खोलीत येऊन बसला. मी म्हटलं, "आपलं नाव काढून घे आणि सुट."

"माझं काढेन. तिचं?"

"तिचंही बदल मग. खरं नाव ठेवलंसच कशाला?"

"चौतीस वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी घेतलं नव्हतं, वांडा. इथे साठ माणसं दिवसभर ओरडत होती, विनी कुठेय, विनीला बोलवा. ते ऐकायलाच मी रोज सेटवर यायचो."

शेवटी त्यानेच नवा प्रसंग लिहिला. स्टेशनवर गाडी येते, सगळे उतरून जातात आणि सर्वांत शेवटी विनी उतरते. शूटिंगच्या दिवशी कोरिनने त्याला विचारलं, "मिस्टर टॅपन, इथे संवादच नाहीये. तुम्हाला बघून ती पहिल्यांदा काय म्हणाली असती?"

तो जराही थांबला नाही. "उशीर झाला. रागावलास का?"

कोरिनने ते वाक्य सात वेळा म्हटलं. सातही वेळा रसेल कॅमेऱ्याशेजारी उभा होता.

चित्रपट दाखवला त्या संध्याकाळी दुसऱ्या चॅनेलवर अटीतटीची मॅच होती. आमचा फारसा कुणी बघितला नाही. तरी पत्रं आली, बहुतेक विधवांची. ती गाडीतून उतरली तेव्हा जीव भांड्यात पडला, असं त्यांनी लिहिलं होतं. ओहायोच्या एका बाईंनी सगळं खरंच घडलंय असं समजून रसेलला विचारलं होतं, तुम्ही दोघं कुठे राहता, मुलं किती?

चार महिन्यांनी रसेल पुन्हा आला. "पहिला शेवट ठेवलायस का गं? दाखव."

ठेवायला नको होता, पण मी ठेवला होता. मशीनवर लावला. दुकानाच्या काचेत बूट न्याहाळणारी कोरिन, मग रिकामं स्टेशन. त्याने दोनदा बघितला.

"काय शोधतोयस?"

"तिचा चेहरा. डोळे मिटले की कोरिनच येते. वाटलं, यात तरी दिसेल काही. पण यातही कोरिनच."

"येईल रे परत. थोडे दिवस जाऊ देत."

"इतकी वर्षं टिकला होता. एकोणीस दिवसांत पुसला गेला."

मी रीळ गुंडाळून डब्यात ठेवलं.

त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही. तो बहिणीकडे टूसॉनला राहायला गेला. एकदा मी भेटायला गेले तर तो ओहायोच्या बाईंना उत्तर लिहीत होता. टेबलावरचा कागद मी वाचला. विनीचा गुडघा हल्ली दुखतो, बाकी बरं आहे, असं लिहिलं होतं.

"का फसवतोस बिचारीला?" मी म्हटलं.

"ती दर महिन्याला विचारते. दुसरं कोण विचारतं?" तो म्हणाला आणि पाकिटाला तिकीट लावू लागला.

त्र्याऐंशी साली रसेल गेला. बहिणीने त्याची पत्रं माझ्याकडे पाठवली. ओहायोच्या बाईंना कळवणं मलाच भाग होतं. मी दोन ओळी लिहिल्या. आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. त्या विचारत होत्या, विनी आता एकटी कशी राहील, तिच्यापाशी कुणी आहे का.

मी त्यांना उत्तर पाठवलं नाही.