क्लॅरिनेटवाल्याचे दात

डॉक्टरबाईंनी टॉर्च पेटवली, तसे क्लॅरिनेटवाल्याने ओठ आणखी घट्ट मिटले.

“आ करा.”

“मी शुगरसाठी आलोय, बाई. दातांसाठी नाही,” तो ओठांच्या फटीतूनच म्हणाला.

“शुगरसाठीच बघतेय. तीनदा गोळ्या वाढवल्या, तरी ती खाली यायचं नाव घेत नाही. हिरड्या सुजलेल्या असल्या की असं होतं.”

या दवाखान्याचा कायदाच होता तो. ताप असो, गुडघा असो, तान्हं असो की आजोबा, तोंड दाखवल्याशिवाय सुटका नाही. बाहेरच्या बाकावरची पोरं तर आधीच जिभा काढून सराव करत होती. हा बाप्या मात्र हटून बसलेला.

“अहो, उघडा की,” शेजारी बसलेली बायको म्हणाली. “त्या काय चावणार आहेत?”

“तू जरा बाहेर जा, मग उघडतो.”

“मी नाही जायची.”

डॉक्टरबाईंनी टॉर्च टेबलावर ठेवली. “दात काढावा लागला तर वाजवता येणार नाही, याचीच भीती ना?”

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीस वर्षं तो बँडमध्ये दुसऱ्या रांगेत वाजवत होता. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मास्तरांनी त्याला पुढे उभं राहून एकट्याने वाजवायला सांगितलं होतं. आणि नेमके आत्ताच हे दात दगा द्यायला निघाले होते.

शेवटी त्याने तोंड उघडलं. खालचे पुढचे दोन दात शेजारच्या दातांना पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले होते. हिरडी लालभडक, कडेला पू.

“अरे देवा! हे किती दिवस?”

“सहा महिने. दात हलला की सूर हलतो, बाई. म्हणून बांधतो.”

“दंतवैद्यांच्या पोटावर पाय आणता की काय!” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “ऐका. हलणारा दात पडतोच असं नाही. हिरड्या खोलवर साफ केल्या, शुगर आवरली, तर तो टिकू शकतो. या दोऱ्यात मात्र घाण अडकते. उद्याच दंतवैद्याकडे जायचं, मी चिठ्ठी देते.”

“आणि नाही टिकला तर?”

“तर तिथे दुसरा बसवतात. नव्याने सराव करावा लागेल, खोटं कशाला सांगू? पण असंच ठेवलंत तर दोन्ही दात जातील, आणि शुगर उतरायची नाही ती नाहीच.”

त्याने मान डोलावली. मग तो स्वतःच दोरा सोडायला लागला. गाठ काही सुटेना. बायको उठली. तिने त्याची हनुवटी खिडकीकडे वळवली आणि नखाने अलगद गाठ मोकळी केली.

“तुला किळस नाही आली?” त्याने खालच्या आवाजात विचारलं.

“आता कसली किळस? दोरा माझ्याच शिवणाच्या डब्यातून जात होता. रीळ संपत आलं की दुसरं आणून ठेवत होते.”

“म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही वाजवत होतात ना,” ती म्हणाली. मग तिने डॉक्टरबाईंपुढे हात केला. “ती चिठ्ठी माझ्याकडे द्या. आता नाही गप्प बसायची मी.”