कमलआयाची मांडी

"आई, हे दुपटं सोडावं लागेल," आकांक्षा सासूला म्हणाली.

कमलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादरच्या हॉस्पिटलच्या दारात तिच्या मुलाची, दीपकची गाडी उभी होती, मागचं दार सताड उघडं होतं आणि कमलच्या हातात तिची नात होती. पोरगी अशी घट्ट गुंडाळलेली, की बाहेर दिसत होतं ते फक्त नाक आणि मिटलेले डोळे. हे गुंडाळणं म्हणजे कमलची खासियत. लालबागच्या एका प्रसूतिगृहात तिने उभा जन्म आयाची नोकरी केली होती. तिने गुंडाळलेलं पोर घरी पोचेपर्यंत सुटत नाही आणि रडतही नाही, अशी तिची ख्याती. आणि आता ही कालची पोर तिलाच सांगत होती, सोडा म्हणून.

"का गं? गार नाही लागणार तिला?"

"नाही लागणार. सीटचा पट्टा तिच्या दोन्ही पायांच्या मधून वर येतो, आणि खांद्यांवरून खाली. असं गाठोडं असलं तर तो बसणार कसा? जाड कपड्यावरून बांधला तर सैल राहतो."

गाठोडं! तो शब्द कमलला चांगलाच झोंबला.

मागच्या सीटवर ती बाळाची सीट बसवलेली होती. आकांक्षाने ती सातव्या महिन्यातच मागवली. पोर जन्मायच्या आधी त्याची वस्तू घरात आणायची नाही, असं कमलने बजावलं, तेव्हा खोकं गिरगावात आकांक्षाच्या माहेरी जाऊन बसलं. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बाळंतपण सासरी आलं, आणि पाठोपाठ खोकंही आलं. ती सीटही उलटी, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून. "पोरगी काय रुसून बसणार आहे का आपल्यावर?" असं कमलने सकाळीच विचारून घेतलं होतं. लहान बाळाची मान कच्ची असते, झटका बसला तर तो पाठीवर जावा म्हणून तसं, हे आकांक्षाने समजावलं. कमलला ते पटलं होतं, पण पटलं म्हणून वाईट वाटायचं थोडंच थांबतं?

कारण कमल या दिवसाची किती वर्षं वाट बघत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. प्रसूतिगृहाचा रिवाज ठरलेला होता. घरी जायच्या दिवशी बाळाला खाली आणायचं ते आयाने. नाक्यावरून कोणीतरी टॅक्सी घेऊन यायचं. आधी आजी आत बसायची, मांडीवर पदर पसरायची, मग कमल वाकायची आणि बाळ त्या पदरात ठेवायची. "घ्या आजी, सांभाळा तुमचं धन." आजीचा चेहरा असा खुलायचा, की टॅक्सीवालाही मीटर टाकायचा थांबून मागे वळून बघायचा. हातावर पेढा पडायचा, टॅक्सी निघायची. आज मंडळात ढोल बडवणारे कित्येक मिशाळ गडी कमलने असे कुणाकुणाच्या मांडीवर ठेवलेले होते. आणि दरवेळी वाकताना तिच्या मनात यायचं, एक दिवस मी आत बसेन, आणि बाहेरून दुसरं कोणी वाकेल.

दीपकचं लग्न उशिरा झालं. मग डॉक्टर झाले, उपचार झाले, नवस झाले. कमलच्या मांडीची वेळ आली तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते. तरी वेळ आली होती. आज तिने मुद्दाम धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं नेसलं होतं, नव्या लुगड्यावरून पोर घसरतं म्हणून.

मागून वॉचमनने शिट्टी मारली. दीपक वैतागला. "आकांक्षा, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे यार. हिंदमाता, परळ, की आलं लालबाग. मी एकदम स्लो चालवतो. बसू दे ना आईला घेऊन."

"दीपक, आपलं ठरलं होतं." आकांक्षा पोटावरच्या टाक्यांवर हात धरून दाराला टेकली होती. मग ती कमलकडे वळली. "आई, तुमच्या हातांवर विश्वास नाही असं नाही हो. पण समोरून कोणी अचानक घुसलं, तर कोणाचेच हात पुरत नाहीत. मला भीती वाटते."

कमलने तिच्याकडे बघितलं, आणि तिला भलतंच आठवलं. दीपकला घरी आणलं तो दिवस. सासूबाई टॅक्सीत खिडकीशी बसल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीवर. काच खाली, वारा सरळ पोराच्या तोंडावर. टॅक्सीवाला घाईत. कमलला म्हणायचं होतं, जरा आत धरा, वाऱ्यात नको. पण सासूबाईंना सांगायची कोणाची टाप होती? घर येईपर्यंत ती दुपट्यातून बाहेर आलेला पोराचा एवढासा पाय बघत राहिली. पुढे तिने शेकडो पोरं आज्यांच्या मांडीवर दिली, पण शेजारी अंग चोरून बसलेल्या आईकडे एकदाही धड बघितलं नाही. ही मुलगी बोलली तरी. भीती वाटते म्हणाली तरी.

"दीपक, तू गप गाडी चालव," कमल म्हणाली. "पोरीचं मी बघते."

ती सीटच्या कडेवर टेकली. नातीला मांडीवर घेतलं, दुपटं सोडण्यापुरतंच. एरवी हे काम ती बोलता बोलता करायची, आज मात्र एकेक घडी सावकाश उलगडत राहिली. पोर मांडीवर उबदार, जड लागत होतं. वॉचमनने पुन्हा शिट्टी मारली.

"थांब रे मेल्या, पोर आहे, पार्सल नाही!" कमल ओरडली. आकांक्षाने मात्र एका शब्दानेही घाई केली नाही.

मग कमल उठली, वाकली आणि नातीला सीटमध्ये ठेवलं. इवले हात पट्ट्यांतून काढले. "असं?"

"अजून थोडा घट्ट. खांद्याशी पट्टा चिमटीत यायला नको."

कमलने चिमूट घेतली, पट्टा आला. तिने खेचला. पुन्हा घेतली, आता आला नाही. दुपटं तिने वरून, छातीखाली पांघरलं. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडीवर पोरं ठेवली, आणि आपली नातही आपण दुसरीकडेच ठेवली.

वाटेत काहीच झालं नाही. आकांक्षा पुढे बसली होती, कमल मागे नातीशेजारी, कमरेला पट्टा लावून. परळला पोरीने डोळे उघडले, आजीकडे टक लावून बघितलं आणि पुन्हा झोपली.

चाळीच्या दारात शेजारच्या राधाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या, आणि गॅलरीत निम्मी चाळ. दीपकने सीट आतल्या पोरीसकट परडीसारखी उचलून खाली घेतली. राधाबाईंचा हात ओवाळायचा थांबला.

"काय गो कमल, नातीक मांडयेर घेऊक नाय? सुनेन देऊक नाय?"

गॅलरीतल्या सगळ्या नजरा आकांक्षावर गेल्या. तिने मान खाली घातली. दीपकने तोंड उघडलं, पण कमल आधी बोलली.

"ती देत होती. मीच नको म्हटलं." आणि मग, वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्यात पोरांना मांडीवर आणत नाहीत. सीटवर आणतात. ओवाळा लवकर, ऊन लागतंय तिला."

राधाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. दीपक पोरीला घेऊन पुढे झाला, बायका त्याच्यामागे धावल्या. कमल मागे राहिली. तिने सुनेचा हात धरला, आणि टाके दुखतील म्हणून एकेका पायरीवर थांबत तिला वर नेऊ लागली.