दयाळू वजनकाटा

"सेउ आनिबाल, तुमच्या दुकानात पाऊल टाकलं की सगळं गाव बारीक कसं काय होतं?"

तैनारानं हे एवढ्या मोठ्यानं विचारलं की खोकल्याच्या औषधासाठी थांबलेल्या आजीबाई खोकायचंच विसरल्या. दाराबाहेर तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. शाळेत लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी सगळ्यांची वजनं केली, तेव्हा प्रत्येकीचं वजन इथल्यापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरलं होतं. "जा, विचार त्या म्हाताऱ्याला! आहे हिंमत?" हिंमत होती. पंधरावं लागल्यापासून तैनाराकडे हिंमत जरा जास्तच होती.

औषधवाल्या सेउ आनिबालनी, म्हणजे आमच्या आनिबालरावांनी, चष्मा काढून पुसला. "आपल्या गावचं पाणीच तसं आहे, पोरी."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला खरं उत्तर माहीत होतं, आणि ते माहीत असूनही मला आठ महिने गप्प बसावं लागलं होतं.

मित्रांनो, मी त्या दुकानातला जुना वजनकाटा आहे. माझा जन्म साओ पावलो शहरातल्या एका ओतशाळेत झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून त्यांनी माझा पाया घडवला, वर दुधाच्या सायीच्या रंगाचा मुलामा चढवला आणि डोक्यावर घड्याळासारखी मोठी गोल तबकडी बसवली. पण माझ्या तबकडीला सुई एकच, आणि ती वेळ सांगत नाही. (खरं तर तीही वेळच सांगते. पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

मालगाडीतून, मग लॉरीतून मी मिनासच्या डोंगरांत या गावी आलो. सेउ आनिबालच्या वडिलांनी मला दुकानाच्या मधोमध, दारासमोर उभं केलं. आजूबाजूला काही नाही. नुसती फरशी आणि मी. माझ्या पायावर लाल रबरी चटई घातली. काय दिवस होते ते! गुरुवारी चौकात बाजार भरला की आधी माझ्यासमोर रांग लागायची. गावाची रीतच होती तशी: आधी वजन, मग पास्तेल. वजन घटलं तर गरमागरम तळलेलं, चीजनं भरलेलं पास्तेल आणि उसाचा रस, हे बक्षीस म्हणून. वजन वाढलं तरी पास्तेल, पण ते दुःख विसरण्यासाठी!

मी माणसांना चेहऱ्यांवरून ओळखत नाही, पायांवरून ओळखतो. नवरी होणारी मुलगी टाचा उचलून चढते. बाळंतीण एक पाय आधी टेकवून बघते. आणि वाल्दोमीरो, म्हणजे तैनाराचे वडील, बूट काढून मोज्यांवर चढायचा. पहाटे डोंगरातल्या गोठ्यांवर फिरून तो दुधाचे कॅन गोळा करी, म्हणून त्याच्या मोज्यांना दुधाचा वास येई.

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझी सुई एकशे अठरावर थांबली. त्याचं हृदय थकलंय, अंगात पाणी साठू शकतं, असं शेजारच्या शहरातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. बाई मोठ्या कडक. त्यांनी त्याला एक पिवळं कार्ड दिलं आणि बजावलं, "एकच दिवस, एकच वेळ, एकच वजनकाटा. खाडा नको." कार्डाच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतः लाल शाईत काहीतरी लिहिलं. कार्ड सेउ आनिबालच्या खणात राहायचं. पुढची बाजू दर गुरुवारी भरत गेली. मागची बाजू कोणी उलटून पाहिली नाही.

दोन वर्षं वाल्दोमीरो आला. पावसात आला, तापात आला, भावाच्या मयताच्या दुसऱ्या दिवशीही आला. एकशे बारा. एकशे पाच. मध्ये तीन महिने सुई हलेचना, तरी तो येत राहिला. मग शंभर! त्या दिवशी दुकानात टाळ्या वाजल्या. शेवटी चौऱ्याण्णव. तैनारा तेव्हा तेरा वर्षांची होती. ती माझ्या खांबाला मिठी मारून म्हणाली, "शाब्बास रे!" इतक्या वर्षांत मला कोणी मिठी मारलेली नव्हती, मित्रांनो. लोखंडाला गहिवरून येत नाही असं म्हणतात. म्हणोत.

मग एके दिवशी दुकानात काचेचं कपाट आलं, शाम्पू आणि उन्हाच्या मलमांचं. त्याला मधली जागा हवी होती. दोन माणसांनी मला फरपटत कोपऱ्यात नेलं आणि संगमरवरी काउंटरला अगदी चिकटून ठेवलं.

"आता कसं, वजन करता करता गप्पाही होतील," सेउ आनिबाल म्हणाले.

आणि तसंच झालं. आमच्या गावात माणूस काउंटरपाशी आला की त्याचं कोपर आपोआप काउंटरवर जातं. दुकान असो, बँक असो, चर्चचं कार्यालय असो. कोपर टेकल्याशिवाय इथं कोणाला बोलताच येत नाही! माझ्यावर चढून लोक कोपर टेकायचे आणि कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली, ते बोलत राहायचे. जेवढा भार कोपरावर, तेवढा माझ्यावर कमी. मला जे मिळेल तेच मी सांगतो. दुसरं काही मला येत नाही.

महिन्याभरात गाव "बारीक" झालं. लोक खूश. चौकापलीकडच्या नव्या औषधदुकानात आकडे उजळणारा चकचकीत वजनकाटा आला होता. पण तिकडून लोक तोंड वाकडं करून परत यायचे. "तो मेला दुष्ट आहे. आनिबालचा कसा दयाळू!" असं माझं नाव पडलं. दयाळू वजनकाटा. एकदा दुकान रिकामं असताना सेउ आनिबालनी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवसापासून ते माझी तबकडी रोज पुसू लागले. जागा मात्र बदलली नाही.

वाल्दोमीरोही कोपर टेकू लागला. तो काही लबाड नव्हता हो! गप्पिष्ट होता, एवढंच. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. परत चौऱ्याण्णव. कार्ड कसं सुंदर दिसत होतं! पण माझ्या चटईला वेगळंच कळत होतं. कोपर टेकायच्या आत नुसतं पाऊल पडलं, तर पूर्वी ती एवढी दबत नसे. मोज्याची वरची कड घोट्यात खोल रुतू लागली. मग एका गुरुवारी बूट चढेनात म्हणून तो चपला घालून आला. जून म्हणजे आमच्याकडे ऐन थंडी, सकाळी तोंडातून वाफ निघतेय, आणि हा चपलांत!

"काय रे, समुद्रावर निघालास का?" आजीबाईंनी टोमणा मारला.

"उकडतंय मला," तो म्हणाला. एवढं बोलतानाही तो मध्ये एकदा थांबला.

त्याचं कोपर दर आठवड्याला काउंटरवर जास्त जोरात दाबलं जात होतं. उभं राहायलाच त्याला आधार लागत होता. सुई चौऱ्याण्णववर शांत. वादळाआधी झाडाचं पानही हलत नाही ना, तशी शांत. मला ओरडायचं होतं. पण आम्हा वजनकाट्यांना आवाज नसतो, आकडा असतो. आणि माझा आकडा कोणीतरी कोपराखाली दाबून धरला होता.

तर तो गुरुवार. तैनाराची शाळा दुपारची, म्हणून ती आईबाबांसोबत बाजाराला आली होती. "पाणीच तसं आहे" यावर दुकान हसून घेतंय, तोवर तिनं आई लुसिमाराच्या पिशवीतून पाच किलो तांदळाची पिशवी उपसली आणि धप्पकन माझ्यावर ठेवली.

सुई पाचवर. ना इकडे, ना तिकडे.

"हा तर बरोबर आहे!" तैनारा म्हणाली. तिचं हसू जरासं मावळलं. "मग चुकतंय कोण?"

"झाली ना पैज जिंकून? उतरव ते तांदूळ," आई म्हणाली. "अहो, चढा तुम्ही लवकर. पास्तेलची कढई तापलीय."

वाल्दोमीरो चढला. चपला काढल्यावर पावलं दिसली, फुगलेली, चकचकीत, ओल्या पिठाच्या गोळ्यांसारखी. कोपर काउंटरवर गेलं.

"चौऱ्याण्णव!" सेउ आनिबालनी पेन्सिल उचलली. "परवाच्या सणाच्या नाचाला तूच पुढे ना, वाल्दोमीरो? शेकोटीभोवती तुझ्याशिवाय आरोळ्या कोण देणार!"

"मीच की! आणखी कोण—"

"बाबा," तैनारा म्हणाली, "कोपर काढा."

"काय?"

"कोपर. काउंटरवरून. दोन्ही हात खाली सोडा."

वाल्दोमीरो हसला, त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि कोपर उचललं.

मित्रांनो, आठ महिन्यांचं सगळं माझ्यावर एकदम आलं. सुई निघाली. शहाण्णव. नव्व्याण्णव. शंभराच्या मोठ्या आकड्यापाशी ती थांबेल असं सगळ्यांना वाटलं. ती थांबली नाही. एकशे तीन. एकशे सहा. तिथं ती थरथरली आणि उभी राहिली.

दाराबाहेरच्या मैत्रिणींचं हसू केव्हाच बंद झालं होतं.

"गंजलाय मेला!" वाल्दोमीरोनं माझ्या खांबाला चापट मारली. "या जुन्या डब्याला काय कळतंय!"

"तांदळाचं बरं बरोबर कळलं त्याला," तैनारा म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल, पोरी."

"सेउ आनिबाल, कार्ड द्या."

सेउ आनिबालनी तिच्याकडे न बघताच कार्ड पुढे केलं. तिनं ते उलटलं. लाल शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. तैनारानं मोठ्यानं वाचलं, आणि यावेळी तिचा आवाज पैजेचा नव्हता. "'तीन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर पुढच्या गुरुवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी दहाची बस पकडावी.'"

"अगं, पण परवा सण आहे," लुसिमारा पुटपुटली. "सण झाला की जाऊ..." ती मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "रात्री ते बसूनच झोपतात. आडवं झालं की श्वास कोंडतो. तीन आठवडे झाले. म्हटलं, वजन तर ठीक आहे ना."

वजन तर ठीक आहे ना! मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी याहून भयंकर वाक्य ऐकलेलं नाही. आणि ते माझ्या भरवशावर म्हटलेलं होतं.

म्हणून सांगतो, मला दयाळू म्हणू नका. मी रागावत नाही, कौतुक करत नाही, कोणाला चिडवत नाही. माझ्याकडे फक्त एक सुई आहे. तिच्याकडे या, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, हात मोकळे सोडून या. आकडा वाईट असेल असं वाटतं, त्या दिवशी तर नक्कीच या. एका दिवसाचा आकडा विसरलात तरी चालेल, पण आकडे कुठल्या दिशेला चाललेत ते विसरू नका. आणि आकडा एक सांगत असेल, पाय दुसरंच सांगत असतील, तर दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. तेव्हा काउंटरकडे बघा, खिडकीबाहेर नको. मला कोपऱ्यात ढकललंत तर मी काही करू शकत नाही. माझी काळजी घ्या असं म्हणतो, ते माझ्यासाठी नाही. मी लोखंडाचा आहे. मी टिकेन.

वाल्दोमीरो अजून माझ्यावरच उभा होता. उतरायला त्यानं काउंटरकडे हात नेला, आणि मध्येच मागे घेतला. चौकातल्या घड्याळात दहाला दहा कमी होते. बस तिथल्याच वडाएवढ्या मोठ्या एका जुन्या झाडाखाली येऊन उभी राहिली होती. तिच्या इंजिनाची थरथर मला फरशीतून कळत होती.

आमच्याकडे मुलं घराबाहेर पडताना आईबापांपुढे हात धरून आशीर्वाद मागतात. तैनारानं कार्ड स्वेटरच्या आत खोचलं, तांदळाची पिशवी आईच्या हातात दिली, आणि हात पुढे केला.

"आशीर्वाद द्या, बाबा. आई, तूही दे. मी ठरवलंय. आज मी शाळेत जाणार नाही, पास्तेल खाणार नाही, आणि परवाच्या नाचाला घागराही घालणार नाही. मी दहाच्या बसनं डॉक्टरबाईंकडे निघालेय, हे कार्ड घेऊन. तुम्ही आलात तर तिघं जाऊ. नाही आलात, तर मी एकटी जाईन आणि त्यांना घेऊनच परत येईन."